वायफाय कंट्रोलरवर रोमिंग नीट कसं बसवायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतली हॉस्पिटलं, सीताबर्डीची हॉटेलं, हिंगणा-बुटीबोरीचे कारखाने, मिहानमधली गोदामं. जिथे माणूस फोन किंवा स्कॅनर हातात धरून चालत राहतो, अशा जागांचं वायफाय सांभाळणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. रोमिंग म्हणजे चालता चालता जोडणी न तुटता एका एपीवरून (ॲक्सेस पॉइंट, वायफाय फेकणारा डबा) दुसऱ्यावर जाणं, आणि कंट्रोलर म्हणजे सगळे एपी एका जागेवरून सांभाळणारं यंत्र. मेनूची नावं मुख्यतः सिस्को कॅटलिस्ट ९८०० कंट्रोलरची आहेत. दुसऱ्या कंपन्यांचं वागणं जिथे वेगळं आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

सगळ्या मजल्यांवर राउटर लावले, नाव आणि पासवर्ड एकच ठेवला. हे रोमिंग झालं ना?

नाही. नाव एक असलं की फोन आपोआप दुसऱ्या राउटरला जोडला जातो, पण प्रत्येक राउटर आपापला आयपी वाटत असेल तर मजला बदलताच आयपी बदलतो आणि चालू कॉल, चालू डाउनलोड, बिलिंगचं उघडं सत्र सगळं तुटतं. रोमिंग म्हणायचं तर तीन गोष्टी लागतात. एसएसआयडी (वायफायचं नाव) आणि सुरक्षेचा प्रकार एकच हवा, एपी बदलूनही आयपी तोच राहायला हवा आणि नव्या एपीला क्लायंटची, म्हणजे जोडलेल्या फोन-लॅपटॉपची, ओळख आधीपासून असायला हवी. राउटर ब्रिज किंवा एपी मोडमध्ये टाकले, डीएचसीपी (आयपी वाटणारी सेवा) एकाच ठिकाणी ठेवला, तर पहिल्या दोन गोष्टी साधतात. तिसरीसाठी कंट्रोलर लागतो.

फोन कोणत्या एपीवर जाईल हे कंट्रोलर ठरवतो का?

ठरवतो फोन. कंट्रोलर शेजारच्या एपींची यादी देतो, सुचवतो, फार झालं तर जोडणी तोडतो, पण पाऊल क्लायंटच उचलतो. बहुतेक चुकीची कॉन्फिगरेशन्स हे न समजल्यामुळे होतात. ॲपलने आपले उंबरठे जाहीर केले आहेत : आयफोन सिग्नल –७० डीबीएमच्या (ऐकू येणाऱ्या सिग्नलचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) खाली गेला की दुसरा एपी शोधू लागतो. डेटा चालू असेल तर नवा एपी किमान ८ डीबीने आणि फोन नुसता पडून असेल तर १२ डीबीने चांगला असावा लागतो. मॅकबुकचा उंबरठा –७५ आहे. इंटेलच्या वायफाय कार्डात 'रोमिंग ॲग्रेसिव्हनेस' नावाची पाच पायऱ्यांची सेटिंग असते, ती मधल्या पायरीवर येते. हे सगळे आकडे वेगवेगळे असल्यामुळे एकाच ठिकाणी एक फोन उडी मारतो आणि त्याच्या शेजारचा लॅपटॉप जागचा हलत नाही.

मग कंट्रोलरमध्ये आधी कशाला हात लावावा?

आधी एपीची पॉवर, मग डेटा रेट, मग चॅनल, मग व्हीएलएएन (नेटवर्कचे आतले वेगळे भाग) आणि टॅग (एपीला कोणत्या सेटिंग लागायच्या ते सांगणारी चिठ्ठी). ८०२.११आर, म्हणजे झटपट रोमिंगची सोय, सगळ्यात शेवटी. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत माणसं बरोबर उलट्या क्रमाने गेलेली असतात. आधी सगळ्या टिक मारतात आणि एपी मात्र पूर्ण ताकदीवर ओरडत असतात.

पॉवर किती ठेवावी? जास्त ठेवली तर रेंज वाढेल ना?

ऐकू जास्त लांबून येईल, बोलता येणार नाही. एपी २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅटवर पाठवतो, खिशातला फोन साधारण १२ ते १५ डीबीएमवर. फोनला चार दांड्या दिसतात, पण त्याचं उत्तर एपीपर्यंत पोचत नाही. वर दांड्या भरलेल्या असल्यामुळे तो जुना एपी सोडतही नाही. 'स्टिकी क्लायंट' म्हणून जे बदनाम आहे, त्यात दोष बहुधा फोनचा नसतो.

५ गिगाहर्ट्झवर आवाजाचं काम असेल तर सेलच्या (एका एपीच्या पट्ट्याच्या) कडेला –६७ डीबीएम आणि सिग्नल गोंगाटापेक्षा २५ डीबी वर, हे धरून चला. त्याच जागी दुसरा एपीसुद्धा –७० ते –७५ च्या दरम्यान ऐकू यायला हवा. तो –८० असेल तर आयफोनला हवा तो ८ डीबीचा फरक पडेपर्यंत पहिला सिग्नल मरणपंथाला लागलेला असतो.

९८०० वर : कॉन्फिगरेशन › टॅग्ज अँड प्रोफाइल्स › आरएफ › ५ गिगाहर्ट्झचं प्रोफाइल › आरआरएम › टीपीसी. इथे आपोआप पॉवरची मर्यादा मुळात –१० ते ३० डीबीएम इतकी मोकळी असते, म्हणजे मर्यादा नाहीच. ऑफिस किंवा वॉर्डसाठी किमान ११, कमाल १७ घालून सुरुवात करा. २.४ गिगाहर्ट्झ त्याच एपीवर ६ डीबीने कमी ठेवा, नाहीतर फोन लांबूनच २.४ पकडतो आणि जवळ आल्यावरही तिथेच बसून राहतो. शेजारशेजारच्या दोन एपींच्या पॉवरमध्ये ६ डीबीपेक्षा जास्त तफावत दिसली तर ऑटोवर भरवसा ठेवू नका, एपी कुठे लटकवला आहे ते जाऊन पाहा. बरेचदा तो खोट्या छताच्या वर, एसीच्या डक्टमागे सापडतो.

कमी स्पीडचे रेट बंद केले तर जुनी उपकरणं बंद पडतील का?

फक्त ८०२.११बीची उपकरणं पडतील, आणि ती आता क्वचित दिसतात. १, २, ५.५, ६, ९ आणि ११ एमबीपीएस बंद करा, १२ अनिवार्य ठेवा, त्यावरचे 'सपोर्टेड' असू द्या. बीकन, म्हणजे 'मी इथे आहे' ही एपीची सततची हाळी, किमान अनिवार्य रेटवर जातो. तो १ एमबीपीएसवर असेल तर दोन इमारतींपलीकडेही ऐकू येतो आणि क्लायंट त्याला धरून बसतो. कारखान्यात जुने वजनकाटे किंवा लेबल प्रिंटर असतील तर त्यांना २.४ वर वेगळा एसएसआयडी द्या. त्यांच्यासाठी सगळ्यांचं नेटवर्क मागे ओढू नका. एसएसआयडी मात्र एकूण चारच्या आत ठेवा, कारण प्रत्येकाचा बीकन १०२.४ मिलिसेकंदांनी हवेत जातोच.

चॅनल कोणते आणि किती रुंद?

२.४ वर १, ६, ११, आणि २० मेगाहर्ट्झ. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

५ गिगाहर्ट्झवर भारताने २०१८ मध्ये परवानामुक्त पट्टा वाढवला : ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ. २० मेगाहर्ट्झचे चॅनल मोजले तर ३६ ते ६४ मध्ये आठ, १०० ते १४४ मध्ये बारा, १४९ ते १६५ मध्ये पाच, असे पंचवीस. तुमच्या एपीच्या मॉडेलला यातले कोणते उघडे आहेत ते कंट्रोलरवर पाहा. सिस्कोमध्ये भारतासाठी मॉडेल क्रमांकात 'डी' हे अक्षर असतं. बाहेरून स्वस्तात आलेला वेगळ्या अक्षराचा एपी कंट्रोलरला जोडला जातो, पण देशाचा कोड जुळत नसेल तर त्याचा रेडिओ उठत नाही. माणूस दिवसभर केबल बदलत बसतो.

रोमिंग महत्त्वाचं असेल तिथे रुंदी २० किंवा फार तर ४० ठेवा. ८० ठेवली की स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट छान येतो आणि चॅनल पुरत नाहीत. ५२ ते १४४ हे रडार टाळण्याचे, म्हणजे डीएफएस चॅनल. सोनेगाव विमानतळाजवळ किंवा वर्धा रोडच्या पट्ट्यात एपी असतील तर हे चॅनल आधी पंधरा दिवस चालवून लॉगमध्ये रडारच्या नोंदी मोजा. ज्या चॅनलवर नोंदी पुन्हा पुन्हा येतात तेवढेच यादीतून काढा. सरसकट सगळे काढले तर उरतात नऊ, आणि मोठ्या इमारतीत नवांत भागत नाही.

के, व्ही, आर या तीन अक्षरांनी नक्की काय होतं? टिक कुठे मारायची?

८०२.११के : क्लायंट विचारतो, 'आजूबाजूला कोण?' आणि एपी शेजाऱ्यांची यादी चॅनलसकट देतो. फायदा समजायला हिशेब करून पाहा. डीएफएस चॅनलवर क्लायंटला स्वतः विचारायची मुभा नसते, बीकन येईपर्यंत थांबावं लागतं. असे सोळा चॅनल आणि दर चॅनलला ११० मिलिसेकंद धरले तर पावणेदोन सेकंद, उरलेल्या नवांचे ३० मिलिसेकंदांप्रमाणे पाव सेकंद, म्हणजे एकूण दोन सेकंद. ताशी १० किलोमीटरने जाणारी फोर्कलिफ्ट तेवढ्यात साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. यादीमुळे हेच काम पाच-सहा चॅनलांवर येतं.

८०२.११व्ही : कंट्रोलर सुचवतो, 'त्या एपीवर गेलात तर बरं.' मानायचं की नाही ते क्लायंटवर.

८०२.११आर : नव्या एपीवर किल्ली पुन्हा पहिल्यापासून बनवावी लागत नाही. एरवी आधी ऑथेंटिकेशन, मग असोसिएशन, मग रेडियसशी (लॉगिन तपासणारा सर्व्हर) पूर्ण ईएपी, म्हणजे लॉगिनचं, संभाषण आणि वर चार फ्रेमची किल्ली-देवाणघेवाण होते. आरमध्ये ते सगळं चार फ्रेममध्ये उरकतं. पूर्ण ईएपीला काहीशे मिलिसेकंद सहज जातात, आरमध्ये बहुतेक वेळा पन्नासच्या आसपास. व्हॉइस कॉलमध्ये दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट जातं, त्यामुळे दीडशे मिलिसेकंदांचा खंड म्हणजे सात पॅकेटं. तिथपर्यंत कान फारशी तक्रार करत नाही, पुढे 'हॅलो, हॅलो' सुरू होतं.

जागा : कॉन्फिगरेशन › टॅग्ज अँड प्रोफाइल्स › डब्ल्यूलॅन्स › तुमचा एसएसआयडी. सिक्युरिटी › लेयर २ मध्ये 'फास्ट ट्रान्झिशन' एनेबल्ड करा, 'ओव्हर द डीएस'ची टिक काढा. रोमिंगची विनंती जुन्या एपीमार्फत फिरवण्याची ही पद्धत आहे. क्लायंट जुन्या एपीपासून दूर गेलेला असताना तिच्यावर अवलंबून राहणं म्हणजे उलटं काम. खाली एकेएममध्ये (किल्ली बनवण्याची पद्धत) '८०२.१एक्स'बरोबर (प्रत्येकाचं वेगळं लॉगिन) 'एफटी + ८०२.१एक्स' हेही निवडा. पासवर्डचं नेटवर्क असेल तर 'पीएसके' आणि 'एफटी + पीएसके'. मग ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये 'नेबर लिस्ट' आणि 'बीएसएस ट्रान्झिशन' चालू करा. 'डिसअसोसिएशन इमिनंट' सुरुवातीला बंदच ठेवा. ती टिक असली की सुचवणी न मानणाऱ्याला हाकलून दिलं जातं. 'ड्युअल बँड नेबर लिस्ट'ही नको, त्यामुळे फोनला २.४ चे एपीही सुचवले जातात.

डब्ल्यूलॅनमध्ये बदल केला की त्यावरचे सगळे क्लायंट तुटतात. हॉस्पिटलात दुपारी बाराला हा प्रयोग करू नये.

आर चालू केल्यापासून काही उपकरणांना नेटवर्क जोडताच येत नाही. का?

आर चालू झालं की बीकनमधल्या सुरक्षेच्या यादीत नवे क्रमांक येतात : एफटी-८०२.१एक्सला ३, एफटी-पीएसकेला ४. जुन्या ड्रायव्हरला हे क्रमांक ओळखता येत नाहीत, आणि काही ड्रायव्हर न ओळखलेलं सोडून देण्याऐवजी अख्खं नेटवर्कच नाकारतात. जुने प्रिंटर, टीव्ही, हजेरीची यंत्रं यांत हे दिसतं. उपाय दोन. फास्ट ट्रान्झिशन 'ॲडॅप्टिव्ह'वर ठेवा, म्हणजे बीकनमध्ये आरची जाहिरात होत नाही, पण आयओएस १० आणि पुढची ॲपल उपकरणं आतल्या खुणेवरून आर वापरतात. किंवा अशा यंत्रांचा एसएसआयडी वेगळा करा. भिंतीला लावलेल्या हजेरीच्या यंत्राला रोमिंग कशाला हवं आहे?

विंडोज १० आर वापरतं, पण ८०२.१एक्सच्या नेटवर्कवर. साध्या पासवर्डच्या नेटवर्कवर नाही. ओकेसी ही जुनी किल्ली नव्या एपीवर वापरण्याची, आरच्या आधीची, मानकाबाहेरची पद्धत. विंडोजला ती येते, आयफोनला येत नाही. म्हणून लॅपटॉपवर 'रोमिंग मस्त' आणि डॉक्टरांच्या फोनवर 'कॉल कटतो' अशी गंमत एकाच इमारतीत दिसते.

रेडियस सर्व्हर मुंबईच्या हेड ऑफिसात आहे. नागपूरच्या शाखेत फरक पडतो का?

पडतो, आणि नीट मोजता येतो. पीईएपी या लॉगिनच्या पद्धतीत साधारण दहा फेऱ्या होतात. लिंकची एक फेरी ३० मिलिसेकंदांची धरली तर ३०० मिलिसेकंद नुसत्या प्रवासात गेले. ईएपी-टीएलएसमध्ये सर्टिफिकेट मोठी असली तर फेऱ्या आणखी वाढतात. आर किंवा ओकेसी नीट चालत असेल तर हा खर्च दिवसातून एकदा, सकाळी कामावर आल्यावर होतो. चालत नसेल तर प्रत्येक एपीवर. म्हणून पॉलिसी प्रोफाइलमधला सेशन टाइमआउट तपासा. १८०० सेकंद असेल तर दर अर्ध्या तासाने सगळ्यांची पुन्हा तपासणी चालते. एका पाळीइतका, २८,८०० करा. आयडल टाइमआउटही मुळात ३०० सेकंदच असतो. स्कॅनर पाच मिनिटं झोपला की कंट्रोलर त्याला विसरतो. स्कॅनर असतील तिथे ३६०० ठेवायला हरकत नाही.

फ्लेक्सकनेक्ट साइटवर सगळं चालू केलं, तरी प्रत्येक रोमला पूर्ण लॉगिन होतं.

साइट टॅग पाहा. दहापैकी नऊदा एपी 'डिफॉल्ट साइट टॅग'वर असतात, आणि त्या टॅगमध्ये किल्ल्या एपींमध्ये वाटल्याच जात नाहीत. फ्लेक्समध्ये वाहतूक एपीवरूनच बाहेर जाते, म्हणून किल्लीही शेजारच्या एपीला आधी पोचलेली असावी लागते आणि ती फक्त एका नावाच्या, स्वतः बनवलेल्या टॅगच्या आतच पोचते. असा टॅग बनवा : टॅग्ज अँड प्रोफाइल्स › टॅग्ज › साइट › ॲड. 'एनेबल लोकल साइट'ची टिक काढा, फ्लेक्स प्रोफाइल निवडा, नाव इमारतीचं द्या. एका फ्लेक्स टॅगमध्ये १०० पर्यंत एपी घाला. टॅग लावला की एपी कंट्रोलर सोडून पुन्हा जोडला जातो, तेव्हा एका वेळी एक मजला घ्या.

लोकल मोडमध्ये, म्हणजे वाहतूक कंट्रोलरमार्फत जाते तिथे, किल्ल्या कंट्रोलरकडेच असतात, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. तरीही ज्या एपींमध्ये माणूस चालत फिरतो ते सगळे एकाच साइट टॅगमध्ये ठेवा. ९८०० आतलं काम वेगवेगळ्या प्रक्रियांत टॅगप्रमाणे वाटतो. जिना चढताना टॅग बदलला तर क्लायंटची नोंद एका प्रक्रियेकडून दुसरीकडे द्यावी लागते. टॅगची सीमा रिकाम्या जागेवर असावी, जसं की दोन इमारतींमधला पार्किंगचा भाग. लिफ्टच्या दारात नको.

दोन कंट्रोलर आहेत. एकावरून दुसऱ्याकडे रोमिंग होण्यासाठी काय लागतं?

दोघांना एकमेकांची नोंद करून द्या : कॉन्फिगरेशन › वायरलेस › मोबिलिटी › पीअर कॉन्फिगरेशन. समोरच्याचा मोबिलिटी मॅक (यंत्राचा हार्डवेअर पत्ता), वायरलेस मॅनेजमेंटचा आयपी आणि ग्रुपचं नाव, हे दोन्ही बाजूंनी भरायचं. ग्रुपच्या नावात लहान-मोठी रोमन अक्षरं वेगळी मानली जातात. नाव वेगळं असेल तर क्लायंट जाईल, पण किल्ली सोबत जाणार नाही आणि पूर्ण लॉगिन होईल. एसएसआयडी, सुरक्षा आणि पॉलिसी प्रोफाइलचं नाव दोन्हीकडे अक्षरशः सारखं हवं. व्हर्च्युअल कंट्रोलर म्हणजे ९८००-सीएल असेल तर त्याचा सर्टिफिकेट हॅशही समोर द्यावा लागतो.

मधल्या फायरवॉलमध्ये यूडीपी १६६६६ आणि १६६६७ उघडे हवेत. एपींसाठी ५२४६ आणि ५२४७ वेगळे. मोबिलिटीच्या पानावर 'डेटा पाथ डाउन' दिसलं तर १६६६७ अडला आहे, 'कंट्रोल पाथ डाउन' दिसलं तर १६६६६. जोडी एचएमध्ये (एक बंद पडला की दुसरा काम घेतो अशी मांडणी) असेल तर मोबिलिटी मॅक हाताने घालून ठेवा, नाहीतर बॉक्स बदलल्यावर पत्ता बदलतो आणि समोरचा ओळख दाखवत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक एपी या कंट्रोलरवर, शेजारचा त्या कंट्रोलरवर अशी खिचडी नको. मग गल्लीत दहा पावलं टाकली तरी कंट्रोलर बदलतो. पहिला मजला एकावर, दुसरा दुसऱ्यावर असं करण्यापेक्षा अख्खी इमारत एकावर ठेवा आणि प्रत्येक एपीमध्ये प्रायमरी-सेकंडरी नावं स्पष्ट भरा. वीज जाऊन आल्यावर जो कंट्रोलर आधी उठतो तो सगळे एपी ओढून घेतो, म्हणून एपी फॉलबॅक चालू आहे ना तेही पाहा. एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) बंद असेल तर वीज आल्यावर घड्याळ मागे गेलेलं असतं, आणि सर्टिफिकेटच्या तारखा न जुळल्यामुळे एकही एपी जोडला जात नाही.

जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत गेलं की वायफाय 'कनेक्टेड' दिसतं, पण काहीच उघडत नाही.

दोन इमारतींत एकाच एसएसआयडीला वेगळे व्हीएलएएन आहेत आणि वाहतूक एपीवरून स्थानिक बाहेर पडते आहे. फोन जुना आयपी घेऊन नव्या सबनेटमध्ये उभा आहे. वायफाय बंद-चालू केलं की चालतं, ही त्याची खूण. लोकल मोडमध्ये कंट्रोलर हे सांभाळून घेतात : जुना कंट्रोलर 'अँकर' राहतो, नवा 'फॉरेन' होतो, वाहतूक बोगद्यातून मागे जाते आणि आयपी टिकतो. फ्लेक्सच्या स्थानिक वाहतुकीत हा बोगदा नसतो. तेव्हा दोन्ही इमारतींत तोच व्हीएलएएन पसरवा. ते जमत नसेल तर हा एसएसआयडी कंट्रोलरमार्फत बाहेर काढा. हजार उपकरणांसाठी स्लॅश २२ आकाराचा सबनेट पुरतो.

कॉल किंवा स्कॅनरच्या एसएसआयडीवर काय बंद ठेवावं?

लोड बॅलन्सिंग (एपींवर गर्दी वाटणं) आणि बँड सिलेक्ट (फोनला ५ गिगाहर्ट्झकडे ढकलणं). दोन्ही क्लायंटच्या पहिल्या विनंतीकडे मुद्दाम दुर्लक्ष करतात. बसलेल्या लॅपटॉपला चालतं, चालत्या कॉलला नाही. 'डीएचसीपी रिक्वायर्ड'ही काढा, कारण रोम केल्यावर बरीच उपकरणं डीएचसीपी पुन्हा मागत नाहीत आणि अडकून पडतात. ऑप्टिमाइज्ड रोमिंग –८० डीबीएमखालच्या क्लायंटला तोडतं. कव्हरेजला भोक असेल तर तिथल्या माणसाचं होतं तेवढंही जातं. आरएक्स-सॉप तर अजून धारदार : ५ गिगाहर्ट्झवर 'हाय' म्हणजे –७६ खालचं एपी ऐकतच नाही. सभागृहासारख्या गर्दीच्या जागेपलीकडे त्याच्या नादी लागू नये.

गोदामात सर्व्हे करून एपी लावले. आता हंगामात स्कॅनर दर दोन रांगांनी लटकतो.

सर्व्हेच्या दिवशी गोदाम रिकामं होतं का? कळमन्याच्या बाजूच्या शीतगृहात किंवा पॅकिंग शेडमध्ये संत्र्याचे क्रेट छतापर्यंत लागले की ती पाण्याची भिंत होते, आणि ५ गिगाहर्ट्झला पाणी फार खातं. आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. मोजणी त्या महिन्यांत भरलेल्या गोदामात करा. मेमधल्या रिकाम्या शेडचा नकाशा म्हणजे स्वप्नरंजन.

दुसरं कारण उंची. पत्र्याखाली नऊ मीटरवर चारही दिशांना फेकणारे एपी लावले की खालच्या स्कॅनरला आठ-दहा एपी जवळपास सारखेच ऐकू येतात. कोणीच ८ डीबीने चांगला नसतो, म्हणून स्कॅनर हलत नाही, आणि रॅकच्या आड गेला की एकदम सगळं जातं. रांगेच्या तोंडाशी चार-पाच मीटरवर, रांगेत आत बघणारा दिशादर्शक अँटेना लावा. रांगेच्या टोकाला वळताना क्लायंटला एका पावलात सिग्नल पडलेला दिसतो, म्हणून वळणावर दोन रांगांचे सेल एकमेकांवर चढलेले हवेत. स्कॅनरच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही रोमिंगचा उंबरठा आणि चॅनलची यादी असते. कंट्रोलरवर जे चॅनल चालू आहेत तेवढेच तिथे ठेवा.

उन्हाळ्यात दुपारीच रोमिंग बिघडतं. हे खरं असू शकतं का?

असू शकतं. नागपुरात मेमध्ये बाहेर ४५ अंश असतात, पत्र्याच्या लगत त्याहून बरेच जास्त. इमारतीच्या आत लावायचे कितीतरी एपी ५० अंशांपर्यंतचेच असतात. एखादा एपी रीबूट होतो, शेजारी त्याचं भोक भरायला पॉवर वाढवतात, तो परत येतो, पॉवर पुन्हा खाली. दुपारभर हा झोपाळा चालतो. एपीचा अपटाइम पाहिला की उलगडा होतो. पत्र्यापासून किमान दीड-दोन मीटर खाली उतरवा किंवा ६५ अंशांचं मॉडेल घ्या.

दुसरा खास आपल्याकडचा प्रकार : खिडकीतला कूलर. पत्र्याची पेटी, आत ओलं वूडवूल आणि टाकीभर पाणी. एपी आणि वॉर्ड यांच्या मध्ये तो आला की मार्चपासून पावसाळ्यापर्यंत तिथे सावली पडते. एपी कूलरच्या झोतासमोर तर अजिबात नको, ओलाव्याने कनेक्टर खातात.

पीओईही, म्हणजे नेटवर्क केबलमधून एपीला मिळणारी वीज, तपासा. ८०२.३एएफ म्हणजे १५.४ वॅट. ३० वॅट मागणारा एपी त्यावर चालू होतो, दिवा हिरवा दाखवतो आणि मुकाट्याने रेडिओची ताकद कमी करतो. सेल आक्रसतो आणि नेमका त्याच जागी कॉल कटतो.

आमच्याकडे युनिफाय किंवा ओमाडाचा कंट्रोलर आहे. हे सगळं लागू पडतं का?

पॉवर, रेट, चॅनल, व्हीएलएएन जसंच्या तसं. तिथे पॉवर 'ऑटो' किंवा 'हाय'वर सोडू नका, ५ गिगाहर्ट्झ मीडियम, २.४ लो. 'फास्ट रोमिंग' आणि 'बीएसएस ट्रान्झिशन' चालू करा. 'मिनिमम आरएसएसआय' शेवटचा उपाय, आणि वापरलंच तर –७५ पेक्षा कडक नको, कारण ते क्लायंटला सुचवत नाही, तोडतं. या कंट्रोलरमधून वाहतूक जात नाही, त्यामुळे कंट्रोलरचा संगणक बंद असला तरी जोडलेले एपी चालू राहतात. बोगद्याने सबनेट ओलांडण्याची सोयही त्यामुळे नाही, म्हणून एसएसआयडीला सगळीकडे एकच व्हीएलएएन ठेवा.

फोनचा खासगी मॅक पत्ता रोमिंग बिघडवतो का?

नाही. तो एसएसआयडीप्रमाणे बदलतो, एपीप्रमाणे नाही.

झालं की नाही हे तपासायचं कसं?

हातात लॅपटॉप, १०० मिलिसेकंदांनी गेटवेला पिंग, आणि नेहमीच्या वेगाने चाल. आर चालू असेल तर एका रोमला एखादं उत्तर चुकावं. तीन-चार चुकले तर पूर्ण लॉगिन होतंय. लगेच कंट्रोलरवर मॉनिटरिंग › वायरलेस › क्लायंट्स उघडून त्या मॅकची मोबिलिटी हिस्टरी पाहा : कुठून कुठे गेला, किती वाजता, कोणत्या प्रकाराने. एकेएममध्ये 'एफटी' दिसत नसेल तर क्लायंट आर वापरतच नाही. विंडोजवर 'netsh wlan show interfaces' ही कमांड सध्याच्या एपीचा पत्ता आणि सिग्नल दाखवते.

चाचणी गर्दीत करा. रविवारी सकाळी रिकाम्या ओपीडीत सगळं चालतं. हॉटेलांनी हिवाळी अधिवेशनाच्या आधी, म्हणजे नोव्हेंबरात, बँक्वेट हॉल ते लॉबी ते लिफ्ट असा कॉल चालू ठेवून फेरा मारावा. लिफ्टच्या आत रोमिंगची अपेक्षा ठेवू नये, पण दार उघडल्यावर पाच सेकंदांत फोन नव्या एपीवर आला पाहिजे.

कंपनीच्या सपोर्टला केस लावायची आहे. सोबत काय द्यावं?

एका उपकरणाचा मॅक, मॉडेल आणि ड्रायव्हर किंवा ओएसची आवृत्ती. बिघाडाची वेळ सेकंदासकट, आणि कंट्रोलरचं घड्याळ त्याच्याशी जुळलेलं. जुन्या-नव्या एपींची नावं. ट्रबलशूटिंग › रेडिओॲक्टिव्ह ट्रेसमध्ये तो मॅक घालून, बिघाड घडवून काढलेली फाइल. शक्य असेल तर नव्या एपीच्या चॅनलवर हवेतून पकडलेली पॅकेटं. 'सगळ्यांनाच कधीकधी होतं' असं लिहिलं तर पहिले चार दिवस हेच प्रश्न उलट विचारण्यात जातात.